जुने सिनेमे, नवे सिनेमे: नाशिकच्या एका प्रेक्षकाला वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या सभागृहात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही पंधरा-वीस जण एकत्र बसून चित्रपट पाहतो आणि नंतर चहा पिताना त्यावर वाद घालतो. चहा संपला तरी वाद संपत नाही, आणि उरलेले प्रश्न मला आठवडाभर फोनवर, जिन्यात आणि भाजीबाजारातही गाठतात. त्यांपैकी जे पुन्हा पुन्हा आले तेच येथे एकत्र केले आहेत.

१. तुम्ही समीक्षक आहात का? तुमची मते आम्ही का मानावीत?

मी समीक्षक नाही. मी बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि त्या सगळ्या काळात सिनेमा पाहत राहिलो. माझी मते कोणी मानावीत असा आग्रह नाही. मात्र ज्याला ती खोडून काढायची असतील त्याने तो चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला असावा, एवढी अट मी घालतो. चित्रपटांना तारे किंवा गुण देण्याची विनंती करू नये. आयुष्यभर आकड्यांचे काम केले असल्यामुळे मला आकड्यांचा मोह राहिलेला नाही.

२. चांगला सिनेमा तुम्ही कशावरून ओळखता?

माझी कसोटी थोडी विचित्र आहे, पण ती जुन्या-नव्या सर्व चित्रपटांना सारखीच लागू पडते. माणूस काम करत असताना कॅमेरा त्याच्याकडे किती वेळ आणि किती लक्षपूर्वक पाहतो, हे मी पाहतो. भाकरी थापणे, गुरे हाकणे, फाईल चाळणे, भाडे वसूल करणे अशी कामे बहुतेक चित्रपटांत संवाद म्हणताना हातांना काहीतरी चाळा हवा म्हणून येतात. ज्या दिग्दर्शकाला ते काम खरोखर ठाऊक असते, त्याच्या चित्रपटात मात्र त्या कामातूनच माणसाचा स्वभाव, त्याची जात, त्याचे घर आणि त्याचा राग कळत जातो.

ही कसोटी मला सुचली ती दादासाहेब फाळके यांच्या एका प्रयोगावरून. पहिला कथापट काढण्याआधी, १९१२ साली, त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याला अंकुर फुटून वेल वाढेपर्यंत रोज त्याची थोडी थोडी चित्रे टिपली. ती सलग दाखवल्यावर महिनाभराची वाढ पडद्यावर एक-दोन मिनिटांत झाली, आणि ती पाहून भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. त्यात ना नट आहे, ना गोष्ट. कुंडीसमोर रोज न कंटाळता उभा राहणारा एक माणूस मात्र आहे. मला अजूनही चित्रपटात सर्वांत आधी तोच हवा असतो. ही कसोटी कोठे फसते ते प्रश्न ९ मध्ये सांगितले आहे.

३. जुने मराठी चित्रपट पाहायचे आहेत. सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

‘संत तुकाराम’पासून, म्हणजे विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनी प्रभात फिल्म कंपनीसाठी १९३६ मध्ये केलेल्या चित्रपटापासून. संतपट म्हटले की टाळ, चमत्कार आणि डोळे मिटलेला चेहरा एवढेच असणार, असे समजून तरुण मंडळी तो टाळतात. मीही कॉलेजात असताना तो टाळला होता. प्रत्यक्षात या चित्रपटाचा अर्धा जीव तुकोबांच्या पत्नीत, जिजाईत आहे. विष्णुपंत पागनीस यांचे तुकोबा विठ्ठलात रमलेले असताना गौरी यांची जिजाई म्हैस, चूल आणि पोरे सांभाळते आणि हे सगळे करताना देवाला मनसोक्त शिव्या घालते. मूल आजारी पडल्यावर ती थेट देवळात जाऊन विठोबावर पायातले उगारते. शेवटी तुकोबा वैकुंठाला निघतात तेव्हाही ती संसाराकडे पाहत मागेच राहते. भक्ती मोठी की संसार, याचा निवाडा दिग्दर्शकांनी कोठेही केलेला नाही, आणि नव्वद वर्षे होत आली तरी आमच्या सभागृहात त्यावरून नवरा-बायकोत तट पडतात.

१९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला होता. ही माहिती मी मुद्दाम नंतर सांगतो, कारण आधी सांगितली की लोक तो देवळात गेल्यासारखा पाहतात. त्यानंतर व्ही. शांताराम यांचे ‘कुंकू’ आणि ‘माणूस’ पाहावेत. क्रम महत्त्वाचा नाही.

४. फाळके नाशिकचे म्हणून तुम्ही त्यांचे कौतुक करता, असे नाही का?

थोडे आहे, ते नाकारत नाही. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेला, नाशकात घर करून राहिलेला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी येथेच वारलेला माणूस आपला वाटणारच. परंतु गावाचा अभिमान बाजूला ठेवला तरी एक गोष्ट उरते. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर फाळक्यांनी मुंबई सोडून आपला कारखाना नाशकात आणला, आणि त्यानंतरचे ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, ‘लंकादहन’ हे चित्रपट येथे तयार झाले. १९१८ मध्ये हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीही येथेच निघाली. म्हणजे काही वर्षे हा देश चित्रपट काढायला शिकत होता तो गोदेच्या काठी. ही वस्तुस्थिती आपल्या मुलांना शाळेत एका ओळीत सांगितली जाते, आणि पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकात सहल नेली तरी ती बागेत डबे खाऊन परत येते.

कौतुकाचे खरे कारण ‘कालिया मर्दन’ आहे. १९१९ च्या या मूकपटात बाळकृष्णाचे काम फाळक्यांच्या लहानग्या मुलीने, मंदाकिनीने केले आहे. गोष्ट सुरू होण्याआधी फाळके प्रेक्षकांना फक्त तिचा चेहरा दाखवतात: ती हसते, चिडते, रुसते, घाबरते, आणि पाहता पाहता त्या मुलीचा कृष्ण होतो. आधी माणूस दाखवायचा, मग त्याचा देव करायचा, हे धाडस पुढच्या कित्येक पौराणिक चित्रपटांना साधले नाही. ज्या काळात स्त्रिया सहसा पडद्यावर यायला तयार नव्हत्या आणि अण्णा साळुंके हे ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका करत होते, त्या काळात एका बापाने आपल्या मुलीला कॅमेऱ्यासमोर आणले, हेही विसरू नये. त्याआधी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्याच होत्या.

५. ‘राजा हरिश्चंद्र’ पूर्ण पाहायला मिळेल का?

नाही. चार रिळांच्या या चित्रपटाचा काही भागच उपलब्ध आहे, आणि तोही १९१३ च्या मूळ चित्रपटाचा की १९१७ मध्ये फाळक्यांनी पुन्हा काढलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती उष्णतेने सहज पेट घेते आणि नीट जपली नाही तर चिकट होऊन विरते. चांदी काढण्यासाठी जुनी रिळे वितळवली गेली ती वेगळीच. १९६४ मध्ये पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून रिळे गोळा केली म्हणून जे थोडे उरले ते उरले; त्यातलेही काही २००३ च्या आगीत गेले. फाळके पाहायचेच असतील तर त्यातल्या त्यात अधिक सलग मिळणारा ‘कालिया मर्दन’ पाहावा (प्रश्न ४).

६. ‘कोर्ट’सारखे संथ चित्रपट कंटाळवाणे वाटतात. त्यात तुम्हाला काय आवडते?

कंटाळा येतो, हे खरे आहे, आणि ते मान्य करण्यात कमीपणा नाही. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिला चित्रपट मी प्रथम पाहिला तेव्हा विसाव्या मिनिटाला घड्याळ पाहिले होते. परंतु न्यायालयात कधी तारखेला गेला असाल तर तेथे नेमके हेच होते हे तुम्हाला ठाऊक असेल: खटला तुमचा असतो आणि वेळ दुसऱ्यांचा जातो. कॅमेरा एका जागी लांब उभा राहतो, कारण बाकावर बसलेल्या माणसालाही तसेच दिसते.

माझ्या कसोटीला या चित्रपटातील सरकारी वकील बाई पुरेपूर उतरते. गीतांजली कुलकर्णी यांनी केलेली ही बाई न्यायालयात एका लोकशाहिराला तुरुंगात ठेवण्यासाठी कायद्याची कलमे घडाघडा वाचते, आणि मग लोकलने घरी येऊन मुलाचे पाहते, स्वयंपाकाला लागते. तिला खलनायिका करणे फार सोपे होते. तिला घरी नेऊन ओट्याशी उभे केल्यामुळे आपल्याला तिचा राग धड येत नाही, आणि ती अडचण चित्रपटगृहाबाहेरही आपल्यासोबत राहते. शेवटी न्यायालय सुटीसाठी बंद होते, दिवे मालवले जातात, पडदा काळा होतो, चित्रपट संपला असे समजून आमच्याकडे एकाने तर सभागृहाचा दिवाही लावला. आणि मग न्यायाधीशांच्या सहलीचे दृश्य सुरू झाले. ते काय आहे ते सांगत नाही. तो दिवा लावणारे गृहस्थ आता कोणताही चित्रपट संपल्यावर पाच मिनिटे जागचे हलत नाहीत.

७. ‘फँड्री’ श्रेष्ठ की ‘सैराट’?

‘फँड्री’. ‘सैराट’ची ताकद मला कळते, शेवटचा आवाज काढून घेतलेला प्रसंग आणि त्या बाळाची पावले ज्याने पाहिली तो ती विसरू शकणार नाही. पण ‘सैराट’मध्ये नागराज मंजुळे पूर्वार्धभर आपल्याला गाण्यांच्या झुल्यावर बसवतात आणि मग दोर कापतात, तर ‘फँड्री’त झुला नाहीच. गावातले डुक्कर पकडण्याचे काम शाळकरी नायक जब्याच्या घराकडे येते, आणि ते काम दिग्दर्शकाने विलक्षण तपशिलाने, धावपळ, चिखल आणि फजितीसकट दाखवले आहे. शाळेचे राष्ट्रगीत सुरू होते तेव्हा सगळे कुटुंब आहे तेथे ताठ उभे राहते आणि डुक्कर निसटून जाते. या प्रसंगावर आमच्याकडे आधी हशा पिकला आणि काही क्षणांत विरला. मारलेले डुक्कर काठीला टांगून नेताना मागच्या भिंतीवर महापुरुषांची चित्रे येतात, त्या चौकटीसमोर भाषण करायची कोणाला गरजच उरत नाही.

८. ‘गोदावरी’ हा आपल्या नाशिकचा चित्रपट. तो नाशिककरांनी कसा पाहावा?

निखिल महाजन यांच्या या चित्रपटाला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि जितेंद्र जोशी यांना २०२१ च्या इफ्फीत, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, उत्कृष्ट अभिनेत्याचा रौप्य मयूर मिळाला, हे बहुतेकांना ठाऊक आहे. आमच्याकडे तो दाखवला तेव्हा पहिला अर्धा तास लोक ‘हा कोणता घाट’, ‘हा बोळ कुठला’ यातच गुंतले होते. स्वतःचे गाव पडद्यावर पाहताना हे होणारच, म्हणून माझा सल्ला असा की तो दोनदा पाहावा: एकदा गाव ओळखण्यासाठी आणि एकदा चित्रपटासाठी.

दुसऱ्यांदा पाहताना नायकाच्या कामाकडे लक्ष द्यावे. तो घराण्याच्या जुन्या जागांची भाडी गोळा करत फिरतो. नदीकाठच्या जुन्या नाशकात, वर्षानुवर्षे न वाढलेल्या भाड्यांच्या वाड्यांत ज्याचे बालपण गेले त्याला हे काम किती अवघड, किती चिडचिडे करणारे असते हे सांगावे लागत नाही. भाडेकरू आणि मालक दोघेही स्वतःला नाडलेले समजतात. मला उत्तरार्धातील मृत्यूविषयीचे बोलणे थोडे जास्त झाले असे वाटते. नदी समोर वाहत असताना तिचा अर्थ पात्रांनी सांगायला नको होता. परंतु विक्रम गोखले यांचे स्मृती हरवत चाललेले आजोबा नुसते बसलेले असतात तेव्हा तो अर्थ न बोलता पोहोचतो.

९. तुमच्या यादीत विनोदी चित्रपट का नाहीत? ‘अशी ही बनवाबनवी’ आवडत नाही का?

फार आवडतो, आणि माझी कसोटी येथेच फसते. १९८८ च्या या चित्रपटात कोणीही मन लावून काम करताना दिसत नाही. सगळ्यांचे एकमेव काम म्हणजे भाड्याची खोली टिकवणे. तरीही तो आमच्याकडे दर दिवाळीत लावला जातो आणि प्रत्येक वाक्य प्रेक्षक नटांच्या आधी म्हणतात. मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या १९६६ च्या ‘बीवी और मकान’ची आहे हे सांगितल्यावर काही जण दुखावतात. दुखावू नये. हिंदी चित्रपट फारसा कोणाच्या स्मरणात नाही आणि मराठी चित्रपट पाठ आहे, कारण जागेची टंचाई, घरमालकिणीचा धाक आणि साडी नेसलेल्या पुरुषाची तारांबळ यांना मराठी रंगभूमीवरचा फार्स आधीपासून सरावलेला होता. उगम परका असला तरी चाल आपली असेल तर मी त्याला नक्कल म्हणत नाही.

१०. ‘नटसम्राट’ नाटक चांगले की चित्रपट?

नाटक. महेश मांजरेकर यांच्या २०१६ च्या चित्रपटात नाना पाटेकर आणि विक्रम गोखले समोरासमोर येतात ते प्रसंग मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, पण गणपतराव बेलवलकरांची स्वगते रंगमंचासाठी लिहिलेली आहेत. चेहऱ्याच्या अगदी जवळ नेलेला कॅमेरा ती ऐकू देत नाही, पाहायला लावतो. नाशिककरांना आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. ‘नटसम्राट’ लिहिणाऱ्या कुसुमाग्रजांनी तरुणपणी येथल्या गोदावरी सिनेटोन या चित्रसंस्थेत ‘सती सुलोचना’ची पटकथा लिहिली होती आणि त्यात लक्ष्मणाचे कामही केले होते. चित्रपट चालला नाही. तो चालला असता तर पुढचे काय काय लिहून झाले नसते, या विचाराने मला त्या अपयशाविषयी कृतज्ञताच वाटते.

११. कृष्णधवल चित्रपट रंगीत करून दाखवले तर मुले पाहतील ना?

पाहतील, पण वेगळा चित्रपट पाहतील. ‘मुघल-ए-आझम’ १९६० मध्ये आला तेव्हा मुळातच त्याचा काही भाग रंगीत होता, आणि शीशमहालातील गाणे रंगात उजळते तेव्हा आधीच्या राखाडी दालनांमुळेच डोळे दिपतात. २००४ मध्ये सगळाच चित्रपट रंगीत केल्यावर तो धक्का गेला. मुलांना कृष्णधवल आवडत नाही, हा मोठ्यांचा समज आहे. ‘कालिया मर्दन’मधील मंदाकिनीचे रुसणे पाहून आमच्या इमारतीतील मुले हसली होती.

१२. चित्रपटगृहात जावे की घरी पाहावे?

चित्रपटगृहात, जोवर ते चित्रपट नीट दाखवतात तोवर. विजयानंद, सर्कल, हेमलता या नावांवर जी पिढी वाढली तिला तिकीटबारीवरची रांग आणि बाल्कनीच्या तिकिटाचा रुबाब आठवतो. त्या थिएटरांच्या खुर्च्या मोडक्या असत आणि पंखे आवाज करत, तेव्हा स्मरणरंजन फार ताणू नये. नव्या मल्टिप्लेक्सची खुर्ची मऊ आहे. मात्र शहरातील अशाच एका ठिकाणी, नाव सांगत नाही, मी एक परभाषिक चित्रपट पाहायला गेलो असता पडद्याची खालची कड कापली जात होती, त्यामुळे सबटायटल्सची दुसरी ओळ कधीच दिसली नाही. मी बाहेर जाऊन सांगितले, तर काउंटरवरच्या मुलाने अत्यंत सौजन्याने विचारले, “काका, पिक्चर चालू आहे ना पण?” मध्यंतरही परदेशी चित्रपटाच्या कोणत्याही वाक्यात कात्री लावून केले जाते. आपल्या चित्रपटांची गोष्ट मध्यंतर धरूनच रचलेली असते, म्हणून तेथे ते खटकत नाही.

१३. डब केलेले दाक्षिणात्य चित्रपट पाहावेत का?

पाहावेत, पण शक्य तेथे मूळ भाषेत, सबटायटल्ससह. आवाज हा अर्धा नट असतो.

१४. मुलांना काय दाखवावे, हे प्रमाणपत्रावरून ठरवता येते का?

काही प्रमाणात. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर ‘यूए’ या एका गटाऐवजी सात, तेरा आणि सोळा वर्षांपुढील असे तीन गट झाले आहेत आणि त्यामुळे पालकांना बरेच स्पष्ट कळते. परंतु प्रमाणपत्र हिंसा, शिव्या आणि तत्सम गोष्टी मोजते. मुलाला कशाने रडू येईल हे ते मोजत नाही. ‘श्यामची आई’त आक्षेपार्ह काहीच नाही, तरीही माझ्या नातवाला तो पाहून रात्री झोप लागली नव्हती.

१५. घरच्या ओटीटी खात्यावरून सोसायटीत चित्रपट दाखवला तर चालते का?

साधारणपणे नाही. ती वर्गणी घरगुती वापरासाठी असते, आणि तिकीट न लावताही सभागृहात चाळीस जणांना दाखवणे हा घरगुती वापर ठरत नाही. आपल्या कायद्यानुसार चित्रपटावरील स्वामित्वहक्क, तो ज्या वर्षी प्रसिद्ध झाला त्याच्या पुढील वर्षापासून साठ वर्षे टिकतो. त्यामुळे प्रश्न ३ मधील चित्रपट केव्हाच मुक्त झाले आहेत. मात्र त्यांच्या नव्या सबटायटल्सवर कोणाचा तरी वेगळा हक्क असू शकतो. नव्या चित्रपटांसाठी आम्ही निर्मात्याला किंवा वितरकाला पत्र लिहून परवानगी मागतो. छोट्या मराठी चित्रपटांचे निर्माते बहुधा आनंदाने देतात. ज्यांच्याकडून उत्तर येत नाही, त्यांचा चित्रपट आम्ही लावत नाही. कोठूनतरी उतरवून घेतलेली प्रत पेन ड्राइव्हवर घालून माझ्याकडे आणू नये. ती मी परत करतो.

१६. एखाद्या चित्रपटाविषयी तुमचे मत पूर्णपणे बदलले, असे कधी झाले आहे का?

झाले आहे, ‘उंबरठा’विषयी. जब्बार पटेल यांचा हा चित्रपट १९८२ मध्ये आला तेव्हा मी आईला घेऊन गेलो होतो. स्मिता पाटील यांची सुलभा लहान मुलीला जावेच्या हाती सोपवून स्त्रियांच्या सुधारगृहाची अधीक्षक म्हणून दुसऱ्या गावी जाते, अपमान आणि राजकारण सोसून परत येते, आणि घरात तिची जागा उरलेली नाही हे कळल्यावर पुन्हा उंबरठा ओलांडते. मला त्या वयात ती हट्टी वाटली. मुलीचे काय, हा एकच प्रश्न मी धरून बसलो होतो आणि परतताना सायकलवर मागे बसलेल्या आईला तोच ऐकवत होतो. आई काही बोलली नाही.

निवृत्तीनंतर मी तो पुन्हा पाहिला आणि या वेळी सुलभा सुधारगृहात काय करते इकडे लक्ष गेले: नोंदी तपासते, बायकांशी बोलते, समितीच्या बैठकीत एकटी बसते. पहिल्या वेळी हे सगळे माझ्या डोळ्यांसमोरून गेले होते आणि मी ते कथेतील रिकाम्या जागा समजून सोडून दिले होते. आई लग्नाआधी दोन वर्षे शिक्षिका होती, हे मला ठाऊक होते. ती नोकरी तिने का सोडली, हे मी तिला कधी विचारले नाही, त्या दिवशी सायकलवरही नाही.